प्रवास बुकिंग ॲपचे रिव्ह्यू वाचून प्रवाशांचं समाधान कसं मोजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात प्रकल्पांचे विषय ठरायला लागले की दरवर्षी तीन-चार जण हा विषय घेऊन माझ्यापुढे बसतात. एखादा छोटा ट्रॅव्हल्सवालाही फोन करून विचारतो, "सर, बस वेळेवर सुटते, तरी आमच्या ॲपला लोक एक स्टार का देतात?" प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणं आपल्याकडच्या रेल्वे, एसटी आणि खासगी बसच्या बुकिंगची आहेत. रिव्ह्यूची नमुन्याची वाक्यं मी रचलेली आहेत, कुणा प्रवाशाची उचललेली नाहीत.

स्टार आहेतच की. मग वेगळं काय मोजायचं?

माणूस खूश आहे की चिडलेला, एवढं स्टारवरून कळतं. कशावर चिडला ते कळत नाही. बुकिंगचं ॲप म्हणजे मधली खिडकी. अलीकडे प्रवासी उभा, पलीकडे रेल्वे, बसमालक, हॉटेल आणि बँक. चूक यांच्यापैकी कुणाचीही असो, एक स्टार मिळतो तो खिडकीला. शिवाय बरेच जण नुसते स्टार देतात, एक अक्षरही लिहीत नाहीत. म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो: सरासरी काढून थांबू नका. मजकूर वाचा आणि प्रत्येक तक्रार कुणाच्या दारात ठेवायची ते ठरवा. तंत्र, आलेख, सॉफ्टवेअर हे सगळं त्यानंतर.

ॲपच्या पानावर 4.3 दिसतं. ती नेमकी कशाची सरासरी असते?

आजवर मिळालेल्या सगळ्या स्टारांची साधी सरासरी, असं बहुतेकांना वाटतं. गूगल प्लेवर 2019 पासून तसं नाही. तिथे अलीकडच्या रेटिंगला जास्त वजन दिलं जातं. नोव्हेंबर 2021 पासून हा आकडा देशानुसार वेगळा दिसतो आणि पुढे फोन, टॅबलेट अशा उपकरणांनुसारही वेगळा दिसू लागला. म्हणजे पुण्यातल्या मुलीला दिसणारा आकडा आणि तिच्या अमेरिकेतल्या भावाला दिसणारा आकडा एकच असेल असं नाही. ॲपलच्या स्टोअरवरही रेटिंग देशनिहाय असतं आणि नवी आवृत्ती आणताना विकासकाला, म्हणजे ॲप बनवणाऱ्याला, ते पुन्हा शून्यापासून सुरू करता येतं. तेव्हा दोन स्टोअरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका आणि कुठलाही आकडा लिहिताना तो कुठल्या तारखेला पाहिला तेही लिहा. प्रकल्पाच्या वहीत तारीख नसेल तर तो आकडा मी खोडायला लावतो.

रिव्ह्यू लिहितं कोण? सगळ्या प्रवाशांचं मत त्यात येतं का?

नाही येत. ज्याचं तिकीट निघालं, जो वेळेवर पोहोचला, तो माणूस फोन खिशात टाकून घरी जातो. लिहितो तो फार खूश झालेला किंवा फार पोळलेला. ऑनलाइन रिव्ह्यूंचा आलेख काढला तर पाच स्टारचा खांब सगळ्यांत उंच, एक स्टारचा त्याच्या खालोखाल आणि मधे खड्डा, असं चित्र बहुतेक वेळा दिसतं. अभ्यासक त्याला इंग्रजी 'जे' अक्षराचा आकार म्हणतात. 2009 मध्ये हू, पावलू आणि झांग या तिघांनी त्याची दोन कारणं मांडली होती. ज्याला वस्तू आवडेल असं वाटतं तोच ती विकत घेतो, हे एक. ज्याचं मत मधलं असतं तो लिहायच्या फंदात पडत नाही, हे दुसरं.

रेल्वे आणि एसटीच्या बाबतीत पहिलं कारण मला तितकं लागू वाटत नाही. रत्नागिरीला जायचं तर रेल्वेचं तिकीट काढावंच लागतं, आवडनिवड कसली? दुसरं कारण मात्र पुरेपूर लागू पडतं.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. ॲप स्वतःच रेटिंग मागतं. गूगलने ॲपच्या आतच रिव्ह्यू देण्याची सोय 2020 मध्ये विकासकांना दिली. ॲपलवर ही चौकट एका माणसाला 365 दिवसांत जास्तीत जास्त तीनदा दाखवता येते. ही चौकट कधी उघडते ते नीट पाहा. तिकीट कन्फर्म झाल्याचा हिरवा टिकमार्क दिसतो त्याच क्षणी स्टार मागितले, तर मिळालेले पाच स्टार तिकीट मिळाल्याच्या आनंदाचे असतात. प्रवास अजून व्हायचाच आहे. हातात आलेल्या रिव्ह्यूंपैकी किती प्रवासाआधीचे आणि किती नंतरचे, हे मजकुरावरून बऱ्याचदा ओळखता येतं. ते नोंदवा. मी पाहिलेल्या प्रकल्पांत ही नोंद जवळजवळ कुणीच केलेली नसते.

तक्रार नेमकी कुणाबद्दल आहे, हे कसं ठरवायचं?

माझ्या मते या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. मी चार खाती करायला सांगतो.

पहिलं खातं ॲपचं: लॉगिन, ओटीपी, कॅप्चा, गाडी शोधणं, सीट निवडणं, पेमेंट, मराठीची सोय.

दुसरं नियमांचं. हे खातं लोक विसरतात. तत्काळची वातानुकूलित वर्गाची बुकिंग 10 वाजता आणि बाकीची 11 वाजता उघडते, हे ॲपने ठरवलेलं नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत, हा रेल्वेचा नियम. आगाऊ आरक्षणाची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली आणि 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी लागू लागली. अशा प्रत्येक बदलानंतर चिडलेले रिव्ह्यू येणारच. ते खोटे नसतात, प्रवाशाचा त्रास खराच असतो. पण त्यावरून ॲप बिघडलं असा निष्कर्ष काढला तर चुकीच्या माणसाला दोष जातो आणि नियम करणारा सुटतो.

तिसरं खातं प्रत्यक्ष प्रवासाचं: बस दोन तास उशिरा आली, एसी बंद होता, फोटोतलं हॉटेल आणि खरं हॉटेल वेगळं निघालं. रेडबससारख्या ॲपमध्ये प्रवास झाल्यावर बससाठी वेगळं रेटिंग देता येतं. ते आणि स्टोअरवरचं ॲपचं रेटिंग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

चौथं खातं नंतरच्या सेवेचं: रिफंड, कस्टमर केअर, तक्रारीला मिळालेलं उत्तर.

आता हा नमुना घ्या. "पिकअप पॉइंट स्वारगेट लिहिला होता, बस आली कात्रजला. ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. ॲपवाले म्हणतात ऑपरेटरला विचारा." एकाच रिव्ह्यूत तीन गोष्टी आहेत. बस दुसरीकडे थांबली, हा प्रवास. बदल ॲपवर कळवला गेला नाही, हे ॲप. "ऑपरेटरला विचारा" ही नंतरची सेवा. तिन्ही खात्यांत नोंद करा. एका रिव्ह्यूला एकच खातं, असा हट्ट धरला की ही माहिती हातची जाते.

एसटीच्या बुकिंगमध्ये सवलतींचा गुंता येतो. 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. "आईचं पूर्ण तिकीट लागलं" असा रिव्ह्यू आला तर सवलत निवडायची जागा सापडली नाही की नियमातच बसली नाही, हे मजकुरातून कळत नसेल तर "अनिश्चित" असं लिहून पुढे जा. अंदाजाने कुठल्यातरी खात्यात ढकलू नका.

रिफंडला तुम्ही एवढं महत्त्व का देता?

कारण सगळं सुरळीत असताना सगळीच ॲप सारखी वाटतात. फरक पडतो तो पैसे अडकल्यावर. "पैसे कापले, तिकीट नाही" हे चार शब्द मी इतक्या वेळा वाचले आहेत की आता रिव्ह्यू उघडताना आधी तेच शोधतो. दोनदा फोन करून, मेल पाठवून, स्क्रीनशॉट देऊन थकलेला माणूस शेवटी "भीक नको पण कुत्रं आवर" म्हणत पैसे सोडून देतो. ती रक्कम कुणाच्या पगाराचा मोठा हिस्सा असते.

इथे मोजायला एक पक्की पट्टी मिळते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहारानंतर 5 दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई. आता रिव्ह्यूंतले दिवस मोजा. "कालपासून वाट पाहतोय" ही काळजी आहे, "आज तेरावा दिवस" म्हणजे मर्यादा ओलांडली गेल्याची शक्यता आहे. "शक्यता" हा शब्द मुद्दाम लिहिला. पुष्टी पोहोचली असेल किंवा तिकीट नंतर रद्द केलेलं असेल, तर मामला बँकेचा उरत नाही, ॲपच्या किंवा रेल्वेच्या रिफंडच्या नियमांचा होतो. दोन्ही तक्रारी वेगळ्या मोजा. ॲपचं सुविधा शुल्क तिकीट रद्द केल्यावर परत मिळत नाही, त्याबद्दलच्या तक्रारींचाही वेगळा ढीग करा.

रिव्ह्यू किती घ्यावेत आणि कुठल्या काळातले?

एकाच महिन्याचे घेऊ नका, एवढं सर्वांत आधी. गणपतीच्या तोंडावर कोकणच्या गाड्या काही मिनिटांत वेटिंगवर जातात. त्या आठवड्याचे रिव्ह्यू आणि जुलैतल्या एखाद्या निवांत आठवड्याचे रिव्ह्यू म्हणजे दोन वेगळ्या जगांचे आवाज. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी यांचंही तसंच. पूर्ण वर्ष घ्या आणि दर महिन्याला ठरावीक संख्येने, चिठ्ठ्या टाकून निवडा. प्रत्येक महिन्यातले 50 घेतले तरी 600 होतात. दोन माणसं ते लक्ष देऊन वाचू शकतात. मशीनकडून वर्गीकरण झालेल्या लाखभर रिव्ह्यूंपेक्षा नीट वाचलेले 600 मला जास्त विश्वासाचे वाटतात.

गर्दीच्या दिवसांत भाड्याच्या तक्रारी वाढतात. महाराष्ट्रात खासगी कंत्राटी बसचं भाडं एसटीच्या त्याच अंतराच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंत ठेवायचं, असं राज्य सरकारने 2018 मध्ये ठरवून दिलं. म्हणून "तिकीट तिप्पट लावलं" हे वाक्य नुसत्या नाराजीत मोजून सोडू नका. त्याचं वेगळं उपखातं करा.

आणखी एक. गूगल प्लेवर माणूस आपला रिव्ह्यू नंतर बदलू शकतो आणि पानावर शेवटचं रूपच दिसतं. रिफंड आला की एकाचे पाच स्टार होतात आणि आधीची आठ दिवसांची तगमग पुसली जाते. जमत असेल तर दर आठवड्याला तेच पान पुन्हा उतरवून ठेवा. बदललेले रिव्ह्यू स्वतंत्र वाचले तर कुठल्या क्षणी माणसाचं मन पालटलं ते दिसतं.

दोघांनी वाचायचं म्हणता. दोघांचं पटलं नाही तर?

पटणार नाहीच सगळीकडे. किती पटलं ते मोजायला कोहेनचा 'कप्पा' नावाचा आकडा वापरतात. 1960 पासून तो रूढ आहे. समजा 100 रिव्ह्यूंपैकी 80 वर दोघांचं एकमत झालं. छान वाटतं. पण दोघांनीही 70 रिव्ह्यूंना "नाराज" म्हटलं असेल, तर न वाचता नुसते शिक्के मारले असते तरी 58 ठिकाणी जुळलं असतं. योगायोगाने जुळण्यापलीकडे 42 ची जागा होती, त्यातले 22 जमले. म्हणून कप्पा 0.52 येतो. म्हणजे मध्यमच. अशा वेळी खात्यांच्या व्याख्या पुन्हा लिहा आणि नवे 50 रिव्ह्यू घेऊन परत जुळवा. चहा घेत केलेली ही वादावादी प्रकल्पातला सगळ्यांत शिकवणारा भाग असतो.

मराठी रिव्ह्यू संगणकाला कळतात का?

पूर्वीपेक्षा बरेच. पुण्याच्या एल3क्यूब या संशोधक गटाने 2021 मध्ये 'महासेंट' हा सुमारे 16,000 मराठी ट्विट्सचा संच खुला केला. प्रत्येक ट्विटवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ अशी खूण आहे. पुढे त्याच गटाने मराठीवर शिकवलेलं 'महाबर्ट' हे भाषेचं संगणकी मॉडेलही आणलं. हे सगळं मोफत वापरता येतं आणि मराठीत काम करणाऱ्या मुलांनी ते आवर्जून वापरावं.

पण ट्विट वेगळं, रिव्ह्यू वेगळा. "नाव ठेवायला जागा नाही" ही उत्तम दाद आहे, वाक्यात "नाही" आलं म्हणून मशीन फसू शकतं. "डोळे झाकून बुक करा" ही शिफारस आहे. "या ॲपला लांबूनच नमस्कार" यात नमस्कार असला तरी माणूस कायमचा गेला. "वा, काय सेवा! गाडी सुटल्यावर तिकीट कन्फर्म झालं" यात शब्द सगळे गोड आहेत. आणि "बरं आहे" यातून दोन स्टारही निघतात आणि चारही. लिहिणारा नागपूरचा की सातारचा, यावरही ते ठरतं असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज झाला.

खरी अडचण लिपीची आहे. बरेच मराठी प्रवासी रोमन लिपीत लिहितात, मधे हिंदी आणि इंग्रजी मिसळून. "नाही" हा एक शब्द त्यात चार-पाच तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. नुसते देवनागरीतले रिव्ह्यू वेचले तर मराठी माणसाचं अर्धं बोलणं बाहेर राहील. माझा सल्ला असा: 300 रिव्ह्यू हाताने वर्गीकृत करा, तेच मशीनला द्या आणि ते कुठे चुकतं त्याची यादी अहवालात छापा.

खोटे रिव्ह्यू कसे ओळखायचे?

एकेका रिव्ह्यूवर बोट ठेवून "हा खोटा" म्हणणं अवघड आणि अन्यायाचंही. झुंड मात्र ओळखता येते. एका दिवसात अचानक पाच स्टारांचा पूर, सगळ्यांत "छान ॲप" एवढंच, प्रवासाचा मार्ग नाही, तारीख नाही. असा दिवस सापडला तर तो वगळून आणि धरून, दोन्ही तऱ्हांनी निकाल द्या.

रिव्ह्यू कुणाला लिहिता येतो, यावरही बरंच अवलंबून असतं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने ट्रिपॲडव्हायझर आणि एक्स्पीडिया यांची तुलना केली. पहिल्यावर कुणीही लिहू शकत होतं, दुसऱ्यावर बुकिंग केलेलाच. खोटं लिहिण्यात ज्या छोट्या स्वतंत्र हॉटेलांचा जास्त फायदा होता, त्यांचे चांगले रिव्ह्यू पहिल्या ठिकाणी तुलनेने जास्त निघाले आणि त्यांच्या शेजारच्या हॉटेलांचे वाईट.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे मानक आणलं. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे आणि प्रसिद्ध करायचे, याचे नियम त्यात आहेत. ते ऐच्छिक आहे. सक्तीचं असावं, असं माझं मत आहे.

दोन ॲपची तुलना करायची आहे. सरासरी जास्त तो चांगला ना?

संख्या पाहिल्याशिवाय नाही. एका नव्या ॲपच्या 10 रिव्ह्यूंपैकी 9 चांगले, म्हणजे 90 टक्के. जुन्याच्या 1,000 पैकी 850 चांगले, म्हणजे 85 टक्के. विल्सनच्या सूत्राने 95 टक्के विश्वासाची खालची मर्यादा (म्हणजे चांगल्यांचं खरं प्रमाण निदान किती असावं, याचा सावध अंदाज) काढली तर नव्याची 60 च्या आसपास येते आणि जुन्याची 83 च्या आसपास. नवं ॲप वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. त्याच्याबद्दल बोलायला अजून पुरेसे लोक बोललेले नाहीत, इतकंच.

सर्व्हक्वालची पाच परिमाणं वापरू का? गाइड म्हणतात वापरा.

वापरा, पण डोळसपणे. सेवेचा दर्जा मोजायचं 1988 चं ते माप समोरासमोरच्या सेवेसाठी घडवलेलं आहे. विश्वासार्हता आणि तत्परता रिव्ह्यूंमध्ये भरपूर सापडतात, सहानुभूती कस्टमर केअरच्या तक्रारींत सापडते. बाकीची दोन ओढूनताणून बसवावी लागतात. त्यापेक्षा केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांच्या, 13 प्रकारांची यादी शेजारी ठेवा. न मागता टिक केलेला प्रवास विमा, शेवटच्या पानावर वाढलेली किंमत, "फक्त 2 सीट शिल्लक" अशी खोटी घाई, या तक्रारींना त्यात नेमकी नावं सापडतील.

ॲपवाल्यांची उत्तरंही मोजायची का?

हो. गूगल प्लेवर विकासकाच्या उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे, तरी तेवढ्यातही माणूस माणसाशी बोलू शकतो. सगळ्यांना तेच तयार उत्तर चिकटवलं आहे का, आणि उत्तरानंतर रिव्ह्यू बदलला का, एवढं पाहिलं तरी पुरे.

लोकांचे रिव्ह्यू असे वापरणं योग्य आहे का?

नावं काढून टाका. वैतागलेला माणूस रिव्ह्यूत पीएनआर आणि मोबाइल नंबरही लिहून बसतो. दोन्ही 10 आकडी असतात, त्यामुळे सलग 10 आकडे दिसले की झाकायचे, हा एकच नियम दोन्हींना पुरतो. स्टोअरच्या अटी वाचा. अहवालात एखादा रिव्ह्यू जसाच्या तसा देण्याऐवजी त्याचा आशय लिहा, कारण जसंच्या तसं वाक्य शोधलं की लिहिणारा लगेच सापडतो.

मी साधा प्रवासी आहे. माझा रिव्ह्यू कामाचा व्हावा म्हणून काय लिहू?

मार्ग, तारीख, काय झालं, किती दिवस झाले, कुणी काय उत्तर दिलं. उदाहरणार्थ: "पुणे ते नांदेड, 12 तारखेचं बुकिंग. यूपीआयने पैसे गेले, तिकीट आलं नाही. कस्टमर केअरने 7 दिवस थांबा म्हटलं. आज नववा दिवस. सीट निवडणं मात्र सोपं होतं." यात चारपैकी दोन खाती स्वच्छ भरता येतात आणि वाचणाऱ्या पुढच्या प्रवाशालाही काहीतरी मिळतं. पीएनआर आणि फोन नंबर लिहू नका. तो वाचून "कस्टमर केअरमधून बोलतोय" म्हणत भलताच कुणी फोन करू शकतो. पैसे अडकले असतील तर नुसत्या रिव्ह्यूवर अवलंबून न राहता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. आणि पैसे आले की तोच रिव्ह्यू उघडून खाली तारीख घाला. स्टार बदलायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण आधीचा मजकूर पुसू नका.